भूत हवं घरचंच!

दिवाळीची सुट्टी, थीम पार्कचा बेत आणि त्यातच हॅलोवीन! बच्चेकंपनीला धम्माल यावी, पण घरी आल्यावर रात्रीची झोप उडू नये, यासाठी काय करता येईल? भिवंडी ते खोपोली, एका छोट्या भुताला सोबत घेऊन केलेल्या सफरीचा हा रिपोर्ट...

'मावशी, तो काका खरंच काका होता ना गं?'

२०२३च्या ऑक्टोबरमधला हा प्रश्न. विचारणारी माझी भाची, तेव्हा वय वर्षं पाच. (खरं नाव छापलं तर मोठी झाल्यावर माझी खैर नाही, म्हणून इथे आपण तिला चिऊ म्हणू या.) एका मॉलमध्ये हॅलोवीनचा इव्हेंट होता. काळे-केशरी फुगे, कागदी वटवाघळं, फुकट चॉकलेटं... सगळं कसं एकदम कूल! आणि अचानक खांबामागून रक्ताळलेला मुखवटा घातलेला एक माणूस खोटी कुऱ्हाड परजत समोर आला. आम्ही मोठ्यांनी पटापट मोबाइल काढले. चिऊ जी ताईच्या ओढणीत शिरली, ती थेट काल्हेरला घरी येईपर्यंत बाहेर आलीच नाही.

त्यानंतर तीन आठवडे बेडरूमचा लाइट रात्रभर चालू. बाथरूमला जाताना आई दाराशी हवी. टीव्हीवरच्या जाहिरातीत कुणी मुखवटा घातला तरी उशी तोंडावर. ताईने फतवाच काढला, 'या घरात हॅलोवीनचं नाव काढायचं नाही!'

पण नाव न काढून चालतंय का? पुढच्या वर्षी सोसायटीतल्या सगळ्या मुलांचे चेटकीण-ड्रॅक्युलाचे बेत सुरू झाले. दिवाळीच्या सुट्टीत थीम पार्कला जायचं आमचं आधीच ठरलं होतं. एका रात्री जेवताना चिऊने जाहीर केलं, 'आपण पार्कमध्ये हॅलोवीन करायचं. पण भूत नको!'

भूत नसलेलं हॅलोवीन? म्हणजे खोबरं नसलेली करंजी! पण विचार केला, तर तिची मागणी अगदी बरोबर होती. तिला मजा हवी होती, फक्त भीतीचा रिमोट स्वतःच्या हातात हवा होता.

मांजर की कुत्रा?

'अगं, तो मुखवटा होता, आत साधा माणूस होता,' असं आपण मुलांना किती सहज सांगतो! ते त्यांना खरंच पटतं का? १९६९ साली ऱ्हेटा डीव्राइज या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचा एक भन्नाट प्रयोग प्रसिद्ध झाला. मेनार्ड नावाचं एक शांत मांजर. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना आधी ते दाखवलं, हात लावू दिला. मग मांजराचं डोकं आडोशामागे नेऊन त्याला कुत्र्याचा मुखवटा चढवला. शेपटीकडचा भाग मुलांच्या डोळ्यांसमोरच होता, म्हणजे अदलाबदलीचा प्रश्नच नाही. तरीही अनेक तीन वर्षांच्या मुलांनी सांगितलं, की आता हा कुत्रा झाला! सहा वर्षांच्या बहुतेकांना मात्र कळलं, की मुखवट्याआड आपलं तेच मांजर आहे.

थोडक्यात काय, बालवाडीतल्या पोरासाठी कुऱ्हाडवाला माणूस हा 'कुऱ्हाडवाला'च असतो. आणि पाच-सहा वर्षांच्या मुलांचं काय? त्यांना डोक्याने कळतं, पण डोक्याला कळणं वेगळं आणि पोटात गोळा येणं वेगळं.

यातून आम्ही पहिला नियम काढला. कुठलाही मुखवटा चढवायचा तो चिऊच्या डोळ्यांदेखत, आणि आधी तिनेच तो हातात घेऊन, उलटासुलटा करून बघायचा.

कुठे जायचं?

आपल्या पिढीला पार्कमधलं भूत म्हटलं की एस्सेल वर्ल्डचं 'मॉन्स्टर्स इन द मिस्ट' आठवतं. १९८९ साली गोराईला सुरू झालेलं ते पार्क आता बंद आहे. भिवंडीकरांना जवळचे पर्याय म्हणजे ठाण्याच्या मानपाड्याची टिकुजीनी वाडी, नाहीतर वज्रेश्वरीच्या रस्त्याला पारोळचं ग्रेट एस्केप वॉटर पार्क. आम्ही निवडलं खोपोली-पाली रस्त्यावरचं इमॅजिका. २०१३ साली सुरू झालेल्या या पार्कमध्ये पोटात गोळा आणणाऱ्या राइड्स आहेत आणि छोट्यांसाठी उडत्या हत्तींची 'टबी टेक्स ऑफ'सुद्धा आहे. मोठ्या पार्कमध्ये ऑक्टोबरअखेरीस हॅलोवीनचे खास कार्यक्रम असू शकतात, पण दर वर्षीची आखणी वेगळी. म्हणून आम्ही ठरवलं, पार्कचा कार्यक्रम असला तर बोनस, आपलं हॅलोवीन आपण पिशवीतून न्यायचं!

परदेशात या बाबतीत सरळ दोन पंगती मांडलेल्या असतात. फ्लोरिडातल्या एकाच ऑरलँडो परिसरात बघा. युनिव्हर्सलमध्ये १९९१पासून 'हॅलोवीन हॉरर नाइट्स' होतात. १३ वर्षांखालच्या मुलांना तिथे आणू नका, असा सल्ला पार्कवालेच देतात. आणि डिस्नेमध्ये १९९५पासून 'मिकीज नॉट-सो-स्केरी हॅलोवीन पार्टी' असते. पार्टीच्या नावातच कबुली आहे, की इथलं भूत फारसं भीतीदायक नाही. डिस्नेचा एक नियम मला फार आवडला. १४ वर्षं किंवा त्यापुढच्या पाहुण्यांनी तिथे मुखवटा घालायचा नाही. वेशभूषा लहानांची, मोठ्यांचे चेहरे उघडे! आपल्याकडच्या इव्हेंटमध्ये बरोब्बर उलटं होतं. मुखवटे मोठ्यांचे आणि किंकाळ्या लहानांच्या.

तेव्हा सिंगापूर असो, हाँगकाँग असो की खोपोली, तिकीट काढण्याआधी एकच प्रश्न विचारा, 'कार्यक्रम कितव्या वर्षापासूनच्या मुलांसाठी आहे?' 'फॅमिली इव्हेंट आहे हो' एवढ्या उत्तरावर भुलू नका.

मेड इन भिवंडी

आता ड्रेस. भावोजी माणकोलीच्या एका गोदामात कामाला. त्यांचा सल्ला होता, 'ऑनलाइन मागव, आपल्याच तालुक्यातून पॅक होऊन आपल्याच घरी येईल!' विनोद बाजूला ठेवला, तर ज्या गावात यंत्रमागांचा खटखटाट चालू असतो, तिथे भुतासाठी कापड बाहेरून कशाला? आम्ही बाजारात जाऊन दोन मीटर मांजरपाट आणलं. कोरं, पिवळट, जरा खरखरीत. अस्सल भुताचा रंग!

मधोमध गळ्यापुरतं भोक, खालची कड झिगझॅग कापलेली, बस्स. तोंडावर काहीच नाही. चेहरा झाकला की मुलांना नीट दिसत नाही, घाम येतो आणि गर्दीत आपल्यालाही आपलं पोर ओळखू येत नाही. लांबी घोट्याच्या वर, म्हणजे पाय अडकायला नको. गालावर काजळाच्या मिशा. ('भुताला मिशा?' 'मांजराचं भूत आहे, मावशी!') चेहऱ्याला रंग लावणार असाल, तर आदल्या दिवशी मनगटावर ठिपका लावून बघा. खाज आली तर रंग रद्द. आणि दिवाळीचे दिवस आहेत. कापड सुती असो की सिंथेटिक, असा घोळदार ड्रेस पणती आणि फटाक्यांपासून चार हात लांबच हवा.

मग भोपळा. हॅलोवीनचा कंदील मुळात आयर्लंडमध्ये सलगम कोरून करायचे. तिथले लोक अमेरिकेला गेले आणि त्यांना कोरायला सोपा भोपळा सापडला. आपला लाल भोपळा तसा टणक. म्हणून सुरी ताईच्या हातात आणि स्केचपेन चिऊच्या. डोळे-नाक-दात कुठे, हे ठरवणार चिऊ. आत मेणबत्ती न ठेवता बॅटरीवरचा छोटा एलईडी दिवा ठेवला. निघालेल्या गराचे घारगे झाले, ते प्रवासात कामी आले. भोपळा कोरता कोरता ताईने भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या आणि वाघाला चकवणाऱ्या म्हातारीची गोष्ट सांगितली. तेव्हा लक्षात आलं, की भोपळा आणि भीती यांची जोडी आपल्याकडेही जुनीच आहे. आणि आपल्या गोष्टीत तर भोपळा म्हातारीच्या बाजूने आहे!

स्टॅच्यू!

सगळ्यात कामाची ठरली ती युक्ती फुकट होती. लहानपणी आपण 'स्टॅच्यू' खेळायचो, आठवतंय? समोरच्याला 'स्टॅच्यू!' म्हटलं, की तो जिथे असेल तिथे पुतळा. 'ओव्हर' म्हणेपर्यंत हलायचं नाही. आम्ही चिऊला हाच अधिकार दिला. पार्कमध्ये काहीही नकोसं वाटलं, की 'स्टॅच्यू!' म्हणायचं. आम्ही तिघंही जागच्या जागी थांबणार. का, कशाला, काही विचारायचं नाही.

घरी तालीम झाली. भावोजी मांजरपाट पांघरून हॉलमध्ये आले. आधी चेहरा दाखवला, मग डोक्यावरून कापड ओढलं. चिऊ दोन पावलं मागे सरकली. मग जोरात ओरडली, 'स्टॅच्यू!' भूत एका पायावर लटपटत उभं! ती खुदकन हसली. 'ओव्हर' म्हणायला तिने जवळजवळ दोन मिनिटं लावली. भावोजींच्या पायाला गोळा आला, पण गड्याने पाय टेकला नाही. दुसऱ्या संध्याकाळी पांघरूण चिऊच्या अंगावर आणि घाबरायची ड्यूटी आमच्याकडे. मोठी माणसं आपल्याला घाबरून सोफ्यामागे लपतात, यासारखं सुख नाही म्हणे!

पार्कमधला दिवस

२६ ऑक्टोबर २०२४, शनिवार. शीळफाट्याच्या ट्रॅफिकचा धसका घेऊन सकाळी सातलाच निघालो. कल्याण, शीळफाटा, मग कळंबोलीहून एक्स्प्रेस-वे. अडीच तास हाताशी ठेवलेले बरे. गाडीतच चिऊच्या हातात एक कागद दिला. त्यावर नऊ चौकोन आणि प्रत्येकात एक चित्र: दात दाखवणारा प्राणी, तलवार, कोळ्याचं जाळं, मोठ्ठे डोळे, बंद दार, राजाचा मुकुट, मिशीवाला माणूस, पंख, आणि शेवटचं 'किंचाळणारी आई'. पार्कमध्ये जे दिसेल त्यावर फुली मारायची.

या खेळाची गंमत अशी, की मूल भीतीदायक गोष्ट शोधायला लागतं. राजासोरसच्या राइडपाशी डायनोसॉर दिसल्यावर चिऊने आधी कागद काढला. 'दात! सापडले!' (जाता जाता एक माहिती. राजासोरस हा खराखुरा भारतीय डायनोसॉर. गुजरातेत सापडलेल्या हाडांवरून शास्त्रज्ञांनी २००३ साली त्याला हे नाव दिलं. चिऊला तेवढं पुरलं. 'म्हणजे तो आपलाच आहे!') 'अलिबाबा'त खोट्या बंदुकीने निशाणे टिपता येतात. तिथे तर तिने मला सॉलिड हरवलं. किंचाळणाऱ्या आईची फुली जेवणाच्या आधीच पडली. कुठल्या राइडवर, ते छापायला ताईची मनाई आहे.

दुसरा खेळ 'ट्रिक ऑर ट्रीट'चा मराठी अवतार, 'चिक्की की चिमटा?' बहुतेक पार्कमध्ये बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. म्हणून आम्ही प्रत्येकाने खिशात पाच-पाच रंगीत बटणं ठेवली. चिऊने भुताच्या आवाजात विचारायचं, 'चिक्की की चिमटा?' बटण नाही दिलं, तर चिमटा! संध्याकाळी खोपोलीच्या दुकानात बटणं मोजून तेवढे चिक्कीचे तुकडे. दिवसभर पोरगी भुताच्या आवाजात बोलत होती आणि चॉकलेटांचा डोंगरही झाला नाही. ताई खूश!

पोशाख मात्र राइडवर नाही हं. घोळदार कापड, माळा, टोपी, सगळं पिशवीत. आमचं भूत रांगेबाहेर भूत आणि राइडवर टी-शर्टातली चिऊ.

सलीमगढच्या दारात

दुपारी आम्ही सलीमगढपाशी पोचलो. भुताटकीच्या किल्ल्याची थीम. चिऊ म्हणाली, 'जाऊ या!' भावोजींची छाती फुगली. रांगेत शिरलो. आतून आवाज ऐकू यायला लागले, तशी तिची माझ्या हातावरची पकड घट्ट झाली. अजून चार पावलं. आणि मग अगदी हळू आवाजात, 'स्टॅच्यू.'

आम्ही तिघं थांबलो. मागचं कुटुंब चक्रावलं, बाजूने पुढे गेलं. भावोजींच्या तोंडावर आलेलं वाक्य मला दिसत होतं. 'काही नसतं गं, मी आहे ना!' तिकिटाचे पैसे भरले की प्रत्येक बाप हे म्हणतो आणि मनापासून म्हणतो. पण नियम म्हणजे नियम, पुतळ्याला बोलता येत नाही.

अर्धा-एक मिनिट गेलं असेल. चिऊने दाराकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. 'ओव्हर. आज नको. पुढच्या वर्षी येऊ.'

'ओके बॉस,' भावोजी म्हणाले आणि आम्ही परत फिरलो. मला वाटलं होतं, आता ती हिरमुसेल. पण ती बाहेर आली तीच उड्या मारत. पिशवीतून मांजरपाट काढून अंगावर चढवलं आणि बाकावर बसलेल्या आईला मागून जाऊन 'भॉ' केलं. मॉलमधून बाहेर पडलेली चिऊ आणि ही चिऊ, यांच्यात एकाच गोष्टीचा फरक होता. मॉलमध्ये तिला कुणी विचारलंच नव्हतं. इथे तिचं 'नको' तीन मोठ्या माणसांनी ऐकलं होतं. दिवसाची सगळ्यात महागडी वस्तू तीच, आणि ती एक राइड सोडून मिळाली.

निघण्यापूर्वी...

- हॅलोवीनचा कार्यक्रम आहे का, कोणत्या वयासाठी आहे, वेशभूषेचे नियम काय, कोणती राइड बंद आहे, हे आदल्या दिवशी विचारून घ्या.
- मुलाची उंची घरीच मोजा. गेटवर 'तू बसत नाहीस' हे ऐकणं भुतापेक्षा वाईट!
- भीतीदायक गोष्टी दुपारच्या उजेडात, जेवणानंतर. थकलेल्या, भुकेल्या मुलाला सावलीसुद्धा भूत वाटते.
- पालकांचा मोबाइल नंबर चिठ्ठीवर लिहून मुलाच्या खिशात ठेवा.
- रडणाऱ्या मुलाचा व्हिडिओ नको. 'भित्रट' हा शब्द तर नकोच नको.
- शेवटची राइड हसरी हवी. गाडीत झोपताना तीच डोळ्यांसमोर राहते.

हा आपला सण आहे का?

आमच्या शेजारच्या आजींनी हे विचारलंच! १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती परंपरेत सर्व संतांचा दिवस. त्याची आदली संध्याकाळ 'ऑल हॅलोज ईव्ह', त्याचं झालं हॅलोवीन. लगेच २ नोव्हेंबरला मृतांचं स्मरण, तेव्हा आपल्या शेजारच्या वसईतही कबरींवर मेणबत्त्या लागतात. पितरांची आठवण आपण सर्वपित्री अमावस्येला काढतोच. मुखवटे म्हणाल, तर भिवंडीहून वाड्यामार्गे गेलं की जव्हार-मोखाड्यात बोहाडा आहे. देवांची, राक्षसांची सोंगं तिथे रात्र-रात्र नाचतात. गोव्यात पोरं नरकासुराचे अक्राळविक्राळ पुतळे करतात आणि पहाटे जाळून टाकतात. आजींचं समाधान झालं. 'म्हणजे शेवटी राक्षस हरतो ना? मग चालेल,' म्हणाल्या.

आणि २०२४मध्ये योगायोग बघा, ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती! हॅलोवीन आणि अभ्यंगस्नान एकाच दिवशी. पहाटे उटणं लावून न्हाऊन झालं, तुळशीपाशी करिट ठेवलं. चिऊने विचारलं, 'हा कोण?' ताई म्हणाली, 'नरकासुर.' चिऊ दोन क्षण त्या इवल्याशा फळाकडे बघत राहिली.

'स्टॅच्यू!' तिने करिटाला बजावलं. मग डाव्या पायाचा अंगठा दाबला. फट्!

बेडरूमचा लाइट काही जादूने बंद झालेला नाही. कधीकधी अजूनही लागतो. पण आता तो कधी लावायचा आणि कधी बंद करायचा, हे चिऊ ठरवते. स्विचपर्यंत हात पुरावा म्हणून भावोजींनी खाली एक स्टूल ठेवलंय. सलीमगढचं मात्र तिच्या लक्षात आहे, आणि 'पुढच्या वर्षी'चं काय झालं म्हणाल, तर तारीख तीच सांगणार. आम्ही तिघं अजून स्टॅच्यू!